मिनिटाला एक हाक

“पान झोपते, काकाजी,” साधना मॅडम म्हणाल्या, आणि माझा हात माऊसवर होता तो तिथेच राहिला. त्यांनी ते सहज सांगितलं, पंखा फिरतो असं सांगावं तसं. विचारलं मीच होतं. मी एक पान तयार केलं होतं. पान म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचं. एकाहत्तराव्या वर्षी, भद्रावतीहून एसटीनं आठवड्यातून तीन सकाळी चंद्रपूरला येऊन, सायकलच्या दुकानावरच्या एका लांबट खोलीत मी अशी पानं करायला शिकत होतो. त्या आठवड्याचा धडा होता ठरावीक अंतरानं काहीतरी आपोआप घडवण्याचा. माझ्या शेजारच्या कुलदीपनं वर जाणारे फुगे केले, हर्षानं घड्याळ केलं. माझ्या पानानं दर पाच सेकंदांनी ‘हो’ एवढाच शब्द लिहायचा होता, आणि शब्दापुढे वेळ. खाली मी एक बटण ठेवलं होतं. कोणी ते दाबलं तर ‘ओ’ असं उत्तर उमटावं. हाच शब्द मी का निवडला ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. पान चालू करून मी शेजारच्या दुसऱ्या पानावर गेलो, तिथे रंगांच्या नावांबद्दल बरंच काही लिहिलेलं होतं, आणि वाचत बसलो. पंधरा मिनिटं तरी गेली असतील. परत आलो तेव्हा सुरुवातीच्या साठ-सत्तर हाका एकीखाली एक दाट लागलेल्या होत्या आणि त्यानंतर वेळेचे आकडे एकदम लांब लांब झाले होते. अकरा छत्तीस. अकरा सदतीस. अकरा अडतीस. मिनिटाला एक.

“माझं काही चुकलं का?” मी विचारलं. तिथे मी बहुतेक एवढंच विचारतो.

“नाई जी, तुमचं बरोबर आहे. तुमी दुसऱ्या पानावर जाऊन वाचत बसले ना, मंग ब्राउझर म्हणते, कोणी पाहूनच नाई राह्यलं तर मी काऊन मेहनत करू? पाच मिनिटं वाट पाह्यते. मंग मिनिटाला एकच डाव.”

“म्हणजे थांबत नाही?”

“थांबत नाई. मंद होते.”

कुलदीप वाकून माझ्या पडद्याकडे पाहत होता. “काकाजी कोणाले हाका मारून राह्यले? काकूले? काकू भद्रावतीले, आन् हाका चंद्रपुरातून!” सगळे हसले, मीही हसलो. तेवढ्यात मला ती ओळ दिसली. अकरा बेचाळीसची हाक, त्रेचाळीसची हाक, आणि त्या दोन्हींच्या मध्ये, अकरा बेचाळीस वाजून एकतीस सेकंदांनी, एक ‘ओ’. मी बटण दाबलं नव्हतं. मी परत आलो तेच अकरा सत्तेचाळीसला. मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, थोडं पाहिलं. “कोणाचा हात लागला असन,” म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, “पण दुसऱ्या पानावर असलं की इथलं बटण तर दबतच नाई.” मग म्हणाल्या, “या मशिनची घडी बिघडली असन, काकाजी. जुनं मशिन आहे.” आणि त्या हर्षाच्या घड्याळाकडे गेल्या, जे सरळ चाललं होतं.

थांबत नाही, मंद होते. परतीच्या गाडीत मी हे वाक्य तोंडातल्या तोंडात फिरवत राहिलो. अशा वाक्यांची मला जुनी सवय आहे. खाणीच्या कॉलनीतल्या वाचनालयात मी तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली, आणि लोक पुस्तक परत करताना जे एखादं वाक्य बोलतात ते माझ्याकडे राहून जायचं, पुस्तक कपाटात गेलं तरी. मी स्वतः बोलणारा माणूस नाही. कोणी समोर आलं की मला आधी त्याच्या हातातलं पुस्तक दिसतं. इंदुताईंशी, म्हणजे माझ्या बायकोशी, लग्न ठरवायला गेलो तेव्हाही मी त्यांच्या घरातल्या फळीवरची दिवाळी अंकांची चळत पाहत बसलो होतो, असं त्या आजही पाहुण्यांना सांगतात. या क्लासला जाण्याचं मी ठरवलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “जा बाप्पा जा. आतापावेतो कागदाच्या पानात तोंड घालून होते, आता काचेच्या पानात घाला.” पण त्यांना माहीत होतं की मी हौसेनं चाललो नव्हतो. मला हेमराजनं सांगितलं होतं.

हेमराज माझा भाचा. आरमोरीच्या पलीकडे, आमच्याच गावी राहतो, धानाची शेती आहे, आणि आता गावातल्या बायांनी मोहफुलांचे लाडू, मोहाचं सरबत असं करायला घेतलं आहे, त्यांचं बाहेरचं सगळं तो बघतो. सत्तावन्न वर्षांचा झाला. माझ्यात आणि त्याच्यात फक्त चौदा वर्षांचं अंतर, पण तो मला अजून खाली वाकून नमस्कार करतो आणि प्रत्येक वेळी माझे पाय थंड पडतात. गेल्या संक्रांतीला तो घरी आला होता. “मामाजी, आमच्या बायांले एक वेबसाइट पाह्यजे,” म्हणाला. “बाहेरच्या मानसानं केली तर तो काय लिवन? तुमी पुस्तकात राह्यलेले मानूस. तुमी शिका आन् तुमीच करा.” मी म्हटलं, अरे, मला या वयात कुठे जमणार. “जमते. माह्या पोरीले, दिव्यानीले जमते, तर तुमाले काऊन नाई?” मग चहाची कपबशी खाली ठेवून, माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, “त्यात ‘आमच्याविषयी’ असं एक राह्यते म्हणे. तिथी माह्या मायचं लिवा. मोहापायी जीव गेला तिचा, ते. आन् मामा हाका देत होता, ते बी लिवा. लोकाले समजलं पाह्यजे का मोह कसा वेचते मानूस.” इंदुताई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्या म्हणाल्या, “लिवतीन ना. त्याईच्याशिवाय कोन लिवन?” मी मान हलवली. ती मान मी का हलवली, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही.

हाका देणं हे काम होतं. आता सांगितलं तर खेळ वाटेल, पण काम होतं, आणि ते मला दिलेलं होतं, कारण मी तेरा-चौदा वर्षांचा, अंगानं किडकिडीत, टोपली उचलण्यात कच्चा आणि आवाजानं मात्र खणखणीत होतो. चैत्रात मोह पहाटेपासून गळतो. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन काळी, स्वच्छ करून ठेवलेली असते, तिच्यावर फुलं पडतात, पिवळट, ओलसर, आणि त्यांचा वास असा असतो की डोकं किंचित बाजूला सरकल्यासारखं वाटतं. बाया उजाडल्यावर जातात आणि वाकतात. दोन-तीन तास वाकलेल्याच असतात. गावात म्हणत, उभं माणूस त्याला माणूस दिसतं, वाकलेलं दिसत नाही. पट्टेवाल्या जनावराचं नाव घेत नसत, ‘तो’ एवढंच म्हणत. म्हणून एकानं उंच जागी बसायचं, तेलाचा डबा बडवायचा आणि थोड्या थोड्या वेळानं लांब ‘होऽऽ’ द्यायचा. खालून बायांनी ‘ओ’ द्यायचा. हाक म्हणजे, मी इथे आहे, जागा आहे. ओ म्हणजे, आम्हीही आहोत. बस एवढंच बोलणं. हाक आली की बाया मान न उचलता वेचत राहत. हाक येत असली की मान उचलावी लागत नसे.

मी टेकाडावरच्या सपाट दगडावर बसायचो. त्या दिवशी सदऱ्याच्या आत पोटाशी मास्तरांकडून आणलेली एक जाड कादंबरी होती, पहिली पंधरा पानं गेलेली, त्यामुळे तिचं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. समुद्रावरची होती. मी समुद्र पाहिलेला नव्हता. एक माणूस दीपगृहात एकटा राहतो आणि वादळात त्याला खालचं दार कोणीतरी वाजवतंय असं ऐकू येतं. तो जिना उतरू लागतो. मी तिथे होतो. रुखमाबाई खाली होती, माझी थोरली बहीण. मी तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचो. आठ महिन्यांच्या हेमराजला घेऊन ती माहेरपणाला आली होती. पोराला आईजवळ ठेवून मोहाला आली, कारण तिला तो वास आवडायचा. निघताना म्हणाली होती, “गुण्या, आज कसा रे पोट फुगवून चालला? भाकरी बांधली का पुस्तक?” आणि माझ्या पोटावर चापट मारली. आतलं पुस्तक वाजलं. ती हसली, पण आईला काही बोलली नाही.

मी थांबलो नव्हतो. हे मला इतकी वर्षं सांगायचं होतं, आणि कोणी विचारत नव्हतं. मी अगदी थांबलो नव्हतो. पान संपलं की उलटताना मी एक हाक द्यायचो. त्या वयात मी भराभर वाचत असे. मिनिटाला एक पान म्हटलं तरी चालेल. पान, हाक. पान, हाक. मग तो माणूस जिना उतरायला लागला आणि पुढच्या किती पानांवर मी हाक दिली नाही ते मला सांगता येत नाही. सांगता येतं ते एवढंच, की मी सत्त्याऐंशीव्या पानावर होतो आणि त्याचा हात कडीवर होता, तेव्हा खाली नाल्याच्या बाजूनं आवाज झाला. ओरडण्याचा नाही. ओली फांदी मोडावी तसा, आणि नंतर बायांचा.

आईनं मला सगळ्यांसमोर विचारलं होतं. अंगणात पोलीस पाटील होते, बाया होत्या, आणि बायांबरोबर कुऱ्हाड घेऊन जाणारा पोचूबुढा होता. “तू हाका देत होता ना रे?” मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी पोचूबुढाच बोलला, जमिनीकडे पाहत, “देत होता वो माय. पोरगं हाका देतच होतं. आमी आयकलं ना.” बाकीच्या बाया काही बोलल्या नाहीत. एकीनं पदर तोंडाला लावला. पोचूबुढा कानानं कमी होता, असं मला वाटलं. मला वाटलं म्हणजे मी तसं ठरवलं. त्याला ऐकू येत नसावं, म्हणून त्याला हाका थांबल्याचं कळलंच नसावं, आणि बायांचं लक्ष वेचण्यात असावं, म्हणजे ही गोष्ट जगात मला एकट्यालाच माहीत आहे. या हिशेबावर मी पुढची सत्तावन्न वर्षं काढली. पुढे शिकायला चंद्रपूरला आलो, नोकरी लागली, गावी जाणं कमी झालं. ती गेली त्या जागी रिवाजाप्रमाणे दगडांचा ढीग झाला आहे. जाणाऱ्या-येणाऱ्यानं एक खडा टाकायचा आणि पुढे जायचं. मी त्या वाटेनं कधी गेलो नाही. लांबच्या, तळ्याकडच्या वाटेनं जायचो, आणि सोबत कोणी असलं तर म्हणायचो, मला पाण्यावरचे पक्षी पाहायचे आहेत.

त्या ‘ओ’ नंतर मी पुढच्या दोन तासिकांना ते हाकांचं पान उघडलं नाही. हेमराजच्या पानाला लागलो. वर बायांचा एकत्र फोटो, त्याला गोल कडा. खाली लाडवांची चित्रं तीन रांगांत, फोनवर पाहिलं तर एकाखाली एक. हे सगळं मला येत होतं. मला येतंय याचंच मला नवल वाटायचं आणि मग भीती वाटायची. पण घरीदारी अंतरं ऐकू यायला लागली होती. एसटीची खिडकी ठरावीक वेळानं थडथडायची आणि मी पुढची थडथड येईपर्यंत श्वास घेत नसे. भद्रावतीत दुपारी खाणीत सुरुंग उडतो, भांडी किंचित हलतात. चाळीस वर्षांत मी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं, आता दीड वाजल्यापासून खुर्चीत ताठ बसायला लागलो. इंदुताई शेंगा सोलत होत्या. “कोनाची वाट पाहून राह्यले?” त्यांनी विचारलं. कोणाची नाही, मी म्हटलं. “मंग दाराकडं काऊन पाह्यता?” मी दाराकडे पाहत होतो हे मला माहीत नव्हतं. दाराला आतून कडी होती. त्या उठल्या, कडी काढली, दार सताड उघडून ठेवलं आणि पुन्हा शेंगा सोलायला बसल्या. बाहेर ऊन होतं. कोणी आलं नाही, पण उघड्या दारातून कोणी येत नाहीये हे जास्त स्पष्ट दिसायला लागलं.

‘आमच्याविषयी’ राहिलं होतं. मी लिहिलं, आमच्या गावात मोह कसा वेचतात. लिहिलं, चैत्र, पाचोळा, टोपल्या. लिहिलं, रुखमाबाई वीस वर्षांची होती. लिहिलं, ‘त्या दिवशी’. आणि त्यापुढचं वाक्य हेमराजनं मला दिलेलंच होतं, फक्त टंकायचं होतं: तिचा धाकटा भाऊ टेकाडावरून हाका देत होता. पाच-सात शब्द. तीन तासिका मी ते टंकत आणि पुसत होतो. माणसाच्या तोंडून निघालेलं खोटं त्याच्याबरोबर म्हातारं होतं, हळू बोलतं, विसरायला होतं. पण हे पान आरमोरीत, चंद्रपुरात, कुठेही, कोणीही उघडलं की प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगणार होतं. हेमराज ते आपल्या नातवंडांना दाखवणार होता. माझ्या नावानं. आणि नाही लिहिलं तर तो विचारणार होता, मामाजी, तेवढं काऊन राह्यलं?

त्यातल्या तिसऱ्या दिवशी साधना मॅडमनी टिपेबद्दल सांगितलं. पानाच्या आतल्या लिखाणात आपण स्वतःसाठी टीप ठेवू शकतो. सुरुवातीला एक खूण, शेवटी एक खूण, मधलं लिखाण पानावर दिसत नाही. “पाहणाऱ्याले काईच दिसत नाई,” त्या म्हणाल्या. “फक्त आत जाऊन पाह्यलं तर दिसते.” मी मागच्या बाजूला बसलो होतो. मी ‘त्या दिवशी’ च्या पुढे सुरुवातीची खूण केली आणि लिहिलं: मी हाका देत नव्हतो. मी वाचत होतो. बाई, मी वाचत होतो. पडद्यावर कुठेही काही उमटलं नाही. मला आठवतं, मी बराच वेळ त्या न दिसणाऱ्या जागेकडे पाहत होतो, आणि सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा मला भूक लागल्यासारखं वाटलं. त्याच्यानंतर मी हेमराजचं वाक्य टंकलं. जसंच्या तसं. मग साडेबाराची गाडी होती, मॅडमनी पान वर चढवायला मदत केली, हेमराजच्या फोनवर दुवा पाठवला, आणि मी निघालो.

शेवटची खूण मी केली नव्हती. तीस वर्षं मी पुस्तकांच्या याद्या लिहिल्या, प्रत्येक नोंदीचा कंस बंद केला, एक स्वल्पविराम माझ्या हातून सुटला नाही. टीप उघडून ती बंद केली नाही तर पुढचं सगळंच पान टीप होऊन जातं, हे त्यांनी त्याच तासाला सांगितलं होतं आणि मी वहीत लिहून घेतलं होतं, खाली रेघ मारून. तरी ती सुटली. सुटली, असं मी म्हणतो.

पुढच्या तासिकेला, सकाळी पावणेबाराला, फोन आला. तिथे फोन बाहेर जाऊन घ्यायचा असतो, पण मी जागेवरच घेतला.

“मामाजी, पान अर्धंच दिसून राह्यलं जी,” हेमराज म्हणाला. “‘त्या दिवशी’ असं येते आन् मंग खाली काईच नाई. लाडू नाई, फोन नंबर नाई. कोरं.”

“काहीतरी राहिलं असेल,” मी म्हणालो. “माझीच चूक. मी आत्ता—”

“दिव्यानीनं पाह्यलं कालेजच्या कम्प्युटरवर. आत जाऊन.”

माझ्या शेजारी कुलदीप कानाला तार लावून काम करत होता. पंखा होता.

“तिनं मले वाचून दाखवलं,” हेमराज म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर मला पकडायला काहीतरी मिळालं असतं. “मामाजी, हे तुमी आता काऊन लिवलं?”

“मला वाटलं, दिसणार नाही.”

“तसं नाई. आता काऊन, म्हन्तो मी. हे तर सारं गावच जानते ना.”

“काय जाणतं?”

“हाका थांबल्या ते. मामाजी, हाका थांबल्या का थांबल्याच आयकू येते. जंगलात दुसरं काय आयकू येते? साऱ्याईनं आयकलं. मोठ्या मायनं मले मी नववीत होतो तवाच सांगतलं.”

मोठी माय म्हणजे माझी आई. तिनं त्यानंतर वीस वर्षं माझ्या ताटात वाढलं, मी गावी गेलो की माझ्या उशाशी दिवा ठेवला, वाचायला.

“पोचूबुढ्याला ऐकू येत नव्हतं,” मी म्हणालो. हे मी का म्हणालो ते मला माहीत नाही. एवढंच एक माझ्याकडे होतं.

“पोचूबुढा बह्यरा? कोनं सांगतलं तुमाले? मरेपावेतो पाखराच्या आवाजावरून झाड सांगे तो.” मागे कुठेतरी गाईच्या गळ्यातली घंटी वाजत होती, थांबत होती. “तोच तर जवळ होता मायच्या. हाका मंद झाल्या, मंग बंद झाल्या, तं माय उभी राह्यली म्हणे. तिनं ओ देल्ला. कोनी हाक देल्ली नसतानी ओ देल्ला. तुमी बोलले नाई. तं माय म्हणे, माह्या भावाले नेलं वाटते त्यानं, मी पाहून येतो. पोचूबुढा म्हणे, थांब बाई, मी येतो. तं ते थांबलीच नाई. टोपली टाकली आन् नाल्यातून तुमच्याकडं निंगाली.”

“माझ्याकडे?”

“तुमच्याकडं नाई तं कोनाकडं जी? तो नाल्यातच होता. मोहाखाली तं कोनालेच काई झालं नाई.” मग तो जरा हळू म्हणाला, “मले वाटलं, तुमाले मालूम असन. तुमी खडा टाकाले कधी आले नाई, तं मी समजलो, मालूम आहे म्हणून येत नाई.”

“हेमराज,” मी म्हटलं.

“ते मधातलं उघडं करा, मामाजी. राहू द्या तसंच. आन् माय काऊन निंगाली ते बी लिवा. मी सांगतलं ते वाक्य काढून टाका. ते मी तुमाले लिवाले सांगतलं ते...” तो थांबला. “पाह्यत होतो, लिवता का म्हणून.” आणि त्यानं फोन ठेवला, किंवा रेंज गेली.

मी पान उघडलं. सुरुवातीची खूण पुसली. पुसताना बोट जड नव्हतं, हलकंच होतं, दुसऱ्या कोणाचं असावं तसं. माझं वाक्य ‘त्या दिवशी’ च्या पुढे येऊन उभं राहिलं, काळ्या अक्षरांत, बाकीच्या लिखाणाच्याच मापाचं, आणि त्याच्या खाली लाडवांच्या तीन रांगा परत आल्या. हेमराजनं दिलेलं वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं: हाक येईना म्हणून ती भावाला पाहायला निघाली. पान वर चढवलं. दुवा तोच राहतो, पुन्हा पाठवावा लागत नाही. झालं. एवढंच काम होतं. सत्तावन्न वर्षं आणि मग चार मिनिटं.

आणि मला तो ‘ओ’ ऐकू आला. म्हणजे आत्ता नव्हे. तेव्हाच, त्या सकाळी, टेकाडावर, मला तो ऐकू आला होता. जिना उतरणाऱ्या माणसाच्या पावलांमध्ये एक ‘ओ’ आला होता, खालून, शेवटी वर चढत गेलेला, विचारल्यासारखा, आणि मला वाटलं होतं की मी हाक दिली असणार, त्याशिवाय ओ कसा येईल. म्हणजे सगळं ठीक आहे. मी पान उलटलं होतं.

मी हाकांचं पान उघडलं. जुन्या ओळी गेल्या होत्या. नव्यानं उघडलं की ते कोऱ्यापासून सुरू होतं. पहिली हाक आली. अकरा त्रेपन्न. पाच सेकंदांनी दुसरी. हातात काही नको म्हणून वही पिशवीत टाकली, चष्म्याचं घर टाकलं, पिशवी पायाशी ठेवली. शेजारी रंगांच्या नावांचं ते पान होतं, ते मी बंद केलं. खुर्ची पुढे ओढली. हाका दाट पडत होत्या, एकीखाली एक, सरळ. बटणापासून मी हात दूर ठेवला होता, दोन्ही हात मांडीवर. ओळींच्या मध्ये ओ येत नव्हता. यायला नकोच होता. मान न उचलता काम चाललं असलं की बाया कधी कधी ओ द्यायच्याही नाहीत.

मुलं जायला लागली. कुलदीप म्हणाला, “काकाजी, अजून काकूलेच हाक?” आणि माझ्या तोंडाकडे पाहून जिना उतरून गेला. सायकलच्या दुकानात कोणीतरी चाक फिरवून पाहत होतं. साडेबाराची गाडी गेली असावी. साधना मॅडमनी एकेक मशिन बंद करत आणलं, एकेक पडदा काळा झाला, आणि त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“काकाजी, बंद करा आता. जेवाची सुट्टी झाली.”

“थोडं थांबा,” मी म्हणालो, पडद्यावरून नजर न काढता.

“काय पाहून राह्यले? चालते ते. नाई पाह्यलं तरी चालते.”

“मंद होतं,” मी म्हणालो. “नाही पाहिलं की मंद होतं.”

त्या थांबल्या. हाक आली. पुन्हा आली. अजून टोपली बाईच्या हातात आहे. हाका येताहेत तोवर ती मोहाखालून उठणार नाही.